दादाच्या पत्त्यावरची पार्सलं

अनोळखी नंबरवरून फोन आला की तो पार्सलवाल्याचाच असणार, असं गेल्या काही वर्षांत मनाने गृहीतच धरलं आहे. त्या गुरुवारी सकाळी मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते. फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो कापला. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा पलीकडचा आवाज ऐकून घेण्याआधीच बोलून मोकळी झाले, “पार्सल खाली वॉचमनकडे ठेवून जा.” मागे कुठेतरी एक इंजिन संथ लयीत चाललेलं ऐकू येत होतं. मग एक पोक्त आवाज अडखळत म्हणाला, “ताई, पार्सल न्हाय... मी मंगळवार पेठेतनं बोलतोय. दत्तादादांच्या गॅरेजशेजारी माझं पंक्चरचं दुकान हाय. तुमी जरा लगीच या.” मी पोहोचेपर्यंत वहिनी दादाला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या, आणि तिथे करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. काम करता करता हातातला पाना सुटला आणि दादा बसल्या जागी कलंडला, इतकंच त्या शेजाऱ्याला सांगता आलं. माझा नंबर त्याला गॅरेजातल्या एका रिकाम्या खोक्यावरच्या लेबलवर मिळाला होता. आणि फोनमध्ये ऐकू येत होतं ते इंजिन दादानेच चालू केलेलं होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. त्या इंजिनाचा आवाज अजून माझ्या कानातून पुरता थांबलेला नाही.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता आणि मी तिसरीत. त्याने शाळा सोडली ती सोडलीच. मोटरसायकलींची दुरुस्ती शिकला, पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं गॅरेज थाटलं आणि लग्नसराईत शिवाजी पेठेतल्या एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. मी मात्र शिकत गेले, इतकी की कविता शिकवणं हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय झाला. शाळेच्या दिवसांत दादा मला जुन्या बाजारातून पुस्तकं आणून द्यायचा. त्यांच्या मुखपृष्ठांवर त्याच्या अंगठ्याचे काळपट ठसे असत, आणि पान उघडलं की शाईच्या आधी पेट्रोलचा वास येई. आई सणासुदीला पितळेची भांडी चिंचेने घासायला बसली की दादा आपला ट्रम्पेट घेऊन तिच्या शेजारी बसे. आंबट, ओलसर, धातूचा एक वास घरभर पसरे, आणि संध्याकाळच्या उन्हात तांब्या, पराती आणि ट्रम्पेट एकाच रांगेत सोन्यासारखे उजळून निघत. वाजवून झालं की त्याला चहा लागे, तो साखर जास्त घातलेलाच. “त्वांडात पितळंची चव बसती गं,” तो म्हणायचा, “मग चहा ग्वाडच लागत न्हाय.” दादाच्या चहात दीडपट साखर, हे आमच्या घरात न सांगता ठरून गेलेलं होतं.

सहाएक वर्षांपूर्वी मी फोनवरून पुस्तकं मागवू लागले, तेव्हा दादाने माझी यथेच्छ टिंगल केली. “वांगी घ्यायची तर चारदा उलटीपालटी करून देठ बघतीस, आणि पुस्तक न बघताच मागीवतीस व्हय? हुशार हाईस!” पण पुढे त्याच्याकडे एक जुनी मोटरसायकल आली. ती बनवणारा कारखानाच केव्हाचा बंद पडलेला. कार्बोरेटरमधली बोटाच्या पेराएवढी एक पितळी नळी साऱ्या शहरात मिळेना. मी फोनवर शोधली. कुठल्या तरी परराज्यातल्या व्यापाऱ्याकडे होती. चार दिवसांनी ती माझ्या घरी आली. दादाने खिडकीशी जाऊन ती उजेडात धरली, डोळा बारीक करून तिच्या छिद्रातून आभाळ पाहिलं, मग ओठांशी नेऊन हलकेच फुंकर मारली. बारीकशी शीळ वाजली. “आयला, खरंच हाय की!” तो म्हणाला. त्या दिवसापासून माझ्या खात्यावर तीन तऱ्हेच्या वस्तू येऊ लागल्या. माझे कवितासंग्रह, त्याचे मोटरसायकलींचे सुटे भाग आणि ट्रम्पेटचं सामान. ते ॲपही गोंधळून गेलं असावं. एखाद्या संग्रहाच्या खालीच ते मला क्लच वायर सुचवी, क्लच वायरखाली ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हचं तेल, आणि त्याखाली पुन्हा कविता. त्याच्या लेखी आम्ही दोघं मिळून एकच माणूस होतो... मला ते फार आवडे.

पार्सल आलं की दादा यायचा. त्याआधी तो कधीही फोन करत नसे. जिन्यावर त्याची जड पावलं वाजत, आणि दार उघडताच ठरलेलं वाक्य येई, “जाता जाता आलोय. म्हटलं बघावं, आलंय का.” अशा वेळी तो सोफ्यावर कधी बसत नसे. कपड्यांचे डाग लागतील म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल ओढून घ्यायचा आणि त्यावरही वर्तमानपत्र अंथरायचा. मी कात्री शोधेपर्यंत त्याने अंगठ्याच्या नखाने खोक्याची चिकटपट्टी चरचर फाडलेली असे. ताज्या पुठ्ठ्याचा वास, उकळत्या चहाचा वास आणि त्याच्या अंगाचा तो पेट्रोलचा वास, हे तिन्ही मिसळले की मला माझं घर भरल्यासारखं वाटे. एकदा माझ्या पुस्तकाची पानं चाळता चाळता तो म्हणाला, “सुमे, हितं एका पानावर चारच वळी. बाकीचा कागद सगळा वाया की!”

“वाया नाही रे, ती मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते.”

“कशापायी?”

मी वर्गात सांगते तसं काहीतरी सांगू लागले. त्याने ते निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आसं सरळ सांग की. दम घ्यायला. आमच्या बाजात बी आसंच असतंय. सगळंच वाजवत बसला तर माणूस मरंल.” त्यानंतरच्या कित्येक वर्गांना मी ही व्याख्या सांगितली आहे. ती कुणाची, हे मात्र एकदाही सांगितलं नाही.

पुढे पुढे त्याच्या मागण्या बारीक होत गेल्या. एकदा ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हखाली बसवायच्या लोकरी नमद्याच्या मऊ चकत्या. आठवड्याने तेलाची एक बाटली. मग फुंकताना नळीत साठणारं पाणी सोडायच्या झडपेचं, हरभऱ्याएवढं एक बूच. पुन्हा तेलाची बाटली. चहासुद्धा तो आता कमी साखरेचा मागू लागला होता. मी हसून म्हटलं होतं, “वय झालं वाटतं!” तोही हसला होता. एकदा मात्र मी वैतागले. “दादा, सगळं एकदम का नाही मागवत? एका बुचासाठी मंगळवार पेठेतून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इथे बावड्यापर्यंत यायचं म्हणजे...” त्याने स्टुलावरचं वर्तमानपत्र घडी घालून उचललं. “एकदम मागीवलं की इसरतंय काय काय,” तो म्हणाला.

ते दिवस माझे कामाचे होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बैठका, त्यातल्या अर्ध्या संगणकासमोर बसून. अशाच एका बैठकीच्या मध्ये बेल वाजली. दादा होता. कानातली वायरही न काढता मी पार्सल दारातच त्याच्या हातात दिलं आणि खुणेनेच सांगितलं की काम चालू आहे. त्यानेही खुणेनेच सांगितलं, असू दे. जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं मी ऐकली का? आठवत नाही... त्या संध्याकाळी मला एक शहाणपण सुचलं. ॲपमध्ये मी दुसरा पत्ता घातला, दादाच्या गॅरेजचा. आणि मोठ्या उत्साहाने त्याला फोन केला, “आता तुला खेटे घालायला नकोत. तुझं सामान थेट गॅरेजवर येईल. काय हवं ते नुसतं फोनवर सांगायचं.” तो म्हणाला, “बरं केलंस. तुला बी तरास नको.”

गेल्या वर्षीची ही गोष्ट. त्यानंतर त्याने फोन करून दोनदाच काही मागवलं, दोन्ही वेळा मोटरसायकलींचं. आणि घरी आला तो फक्त भाऊबीजेला. त्या दिवशी धुवट कपडे घालून तो सोफ्यावर बसला आणि पाहुण्यासारखा चहा पिऊन गेला. मला वाटलं, गॅरेजात कामं वाढली असतील. खरं सांगायचं तर, मला काही वाटायलाही सवड नव्हती.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी मला गॅरेजात बोलावून घेतलं. त्यांचं घर गॅरेजच्या मागेच आहे. भिंतीत एक पत्र्याचं कपाट होतं. ते उघडून त्या म्हणाल्या, “वन्सं, ह्ये सगळं तुमच्या नावाचं दिसतंय. काय करायचं त्ये तुमीच बघा.” आत खोकी होती. नीट, एकावर एक रचलेली, माझ्या घरच्या पत्त्याची लेबलं समोर येतील अशी. एकेक उघडलं. तेलाच्या बाटल्या, एकीचंही झाकण उघडलेलं नाही. चकत्यांची पाकिटं, तशीच बंद. बुचं. एक चकचकीत माउथपीस, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. खिळ्याला टांगलेला ट्रम्पेट मात्र काळवंडला होता, आणि त्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं.

“कशाला येवढं मागीवलं हुतं कुणास ठावं,” वहिनी म्हणाल्या. “बाजाला तर दोन वर्सं त्वांड लावलं न्हवतं त्यांनी.”

“दोन वर्षं?”

“छातीचं दुखणं निघालं न्हवं का. फुंकायचं न्हाय म्हणून डाक्टरनी सांगितलंतं. बँड सोडला.” त्यांनी पदराने एका खोक्यावरची धूळ पुसली. “तुमास्नी सांगायचं न्हाय म्हणून बजावलं हुतं मला.”

गॅरेजातल्या दादाच्या कामाच्या स्टुलावर बसून मी फोन काढला आणि मागवलेल्या वस्तूंची यादी उघडली. खालून वर वाचत गेले. आधी कार्बोरेटर, प्लग, क्लच वायर, मधूनच एखादी ट्रम्पेटच्या तेलाची बाटली, सारं कामाचं. मग दोन वर्षांपूर्वीपासून, ज्या महिन्यांत त्याने वाजवणं सोडलं होतं नेमक्या त्याच महिन्यांपासून, तेल, बूच, चकत्या, तेल, तेल... दर आठ-पंधरा दिवसांनी एक, कधीही दोन एकदम नाहीत. आणि मी दुसरा पत्ता घातला त्या तारखेपाशी ट्रम्पेटचं सामान थांबलेलं. त्याला आता तोंडात पितळेची चव येत नव्हती, म्हणून तो कमी साखरेचा चहा मागत होता. आणि माझं घर मंगळवार पेठेतून कुठेही जाताना वाटेत लागत नाही. इतकी वर्षं तो “जाता जाता आलोय” म्हणत राहिला आणि मला साधा भूगोलही आठवला नाही. त्याला तेल नको होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी, वर्तमानपत्र अंथरलेल्या स्टुलावर, अर्धा तास हवा होता. त्याची येण्याची वाट मी माझ्या हाताने, मायेने, सोय म्हणून बंद केली... चूक रागातून झाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं, तो रुसला असता, मी समजूत काढली असती. सोयीवर कोण रुसणार?

यादीच्या टोकाशी ते ॲप अजूनही विचारतं, कुठे पाठवायचं? खाली दोन पत्ते येतात. एक माझा, एक दादाचा. घरी आल्यावर तो दुसरा पत्ता पुसून टाकावा म्हणून मी बोट ठेवलं, पण दाबवेना. मग एक बारीकसा कवितासंग्रह निवडला, आणि तो दादाच्या पत्त्यावर पाठवायला सांगितला.

पाचव्या दिवशी मी मंगळवार पेठेत गेले. वहिनींनी खोकं ट्रम्पेटच्या खाली ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसरं पुस्तक. मग तिसरं. गॅरेजात अजून पेट्रोलचा वास आहे, मात्र दर खेपेला थोडा विरळ झालेला. खोकं फोडताना मी आता कात्री शोधत नाही. परवा मी चिंचेचा गोळाही सोबत नेला आणि ट्रम्पेट घासायला बसले. ओठ टेकायच्या कडेपाशी एक जागा आहे, वर्षानुवर्षांच्या फुंकरींनी झिजून फिकट पडलेली. ती कितीही घासली तरी उजळत नाही. मी घासत राहिले. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“वन्सं, एक इचारू का? सगळी पुस्तकं एकदम का मागवत न्हाईसा? एका पुस्तकासाठी येवढ्या लांबनं येतासा...”

चिंचेने माझे हात भरले होते. मान वर न करता मी म्हटलं, “एकदम मागवली की विसरायला होतं काय काय.”

वहिनी आत गेल्या, चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला, आणि आतूनच त्यांनी विचारलं, “फुडचं कवा येतंय?”