सासऱ्यांची ऑटोमॅटिक

आमच्या सासऱ्यांच्या शेजारी बसून जो एकदा सिंहगड रस्त्याने गेला, त्याला पुढे आयुष्यात कशाचीच भीती वाटत नाही; सगळी तिथेच संपते. क्लच दाबून टाच दुखते म्हणून मुलीने त्यांना ऑटोमॅटिक गाडी घ्यायला लावली. घेतली, पण मान्य केली नाही. डावा पाय सवयीने क्लच शोधायचा आणि त्याला सापडायचा ब्रेक. गाडी भर चौकात गचकन थांबे. मग त्यांनी उपाय काढला: डावा पाय सीटवर दुमडून अर्धी मांडी. पंगतीला बसल्यासारखे बसून ते वारज्याच्या पुलाखालून जात आणि मागून हॉर्न वाजला की म्हणत, "घाई असेल तर वरून जा म्हणावं." मी शेजारी रामरक्षा पुटपुटत असे.

हँडब्रेकशी त्यांचं जुनं वैर. "केबल ताणते" म्हणून तो ओढायचा नाही; गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं, ही जन्माची रीत. जुन्या गाडीत ती चालून गेली. ऑटोमॅटिक उभी करताना 'पी'वर आणावी लागते, नाहीतर ती उतारावर घरंगळते, हे मी हजारदा सांगितलं.

"अहो जावईबापू, 'डी' म्हणजे गिअरच ना? मग झालं!"

गेल्या पावसाळ्यात खडकवासल्याला आम्ही दोघं कणसं घ्यायला उतरलो. गाडी उतारावर, 'डी'मध्येच बंद केलेली. आत पुढच्या सीटवर सासूबाई मोबाइलवर नातीचे फोटो बघत बसलेल्या. कणसं घेऊन वळलो, तर गाडी आवाज न करता पाण्याकडे निघालेली. सासरे चपला टाकून धावले आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन बॉनेटला दोन्ही हात लावून उभे राहिले.

"बाजूला व्हा!" मी ओरडलो. ते हलले नाहीत. मी दार उघडून हँडब्रेक खेचला, तेव्हा गाडी त्यांच्या पोटाला टेकली होती.

सासूबाईंनी मान वर केली. "अहो, गाडीपुढे काय उभे राहिलात? कणसं कुठायत?"

"गिअरमध्ये होती हो," एवढंच ते मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ओठ पांढरे पडले होते. मग किल्ली माझ्याकडे देऊन बायकोला म्हणाले, "तू मागे ये, माझ्याजवळ."

परत येताना त्यांनी माझ्या चालवण्यात एकही खोट काढली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली, आणि त्यांची फार माया आली. आरशात पाहिलं. आमच्यासमोर बायकोशी धड दोन शब्द न बोलणारा हा माणूस तिचा हात घट्ट धरून बसला होता. सासूबाई दुसऱ्या हाताने कणीस खात होत्या. धरलेला हात त्यांनी घर येईपर्यंत सोडवून घेतला नाही.