गोळाबाईचे दोन खांदे

सकाळी मैद्याचे गोळे आणि संध्याकाळी लोखंडाचा गोळा, असं तिचं सगळं आयुष्य गोळ्यांतच गेलं; म्हणून अख्खी गल्ली तिला गोळाबाई म्हणायची. नवऱ्यामागे बेकरी तिनेच सांभाळली. पन्नाशी उलटल्यावर ज्येष्ठांच्या गोळाफेकीत गंमत म्हणून उतरली आणि तिला त्याचं वेडच लागलं. आता वय सदुसष्ट, मनगट पोलादी, आणि दुखलं-खुपलं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही हा हट्ट.

पण सूनबाईच्या नजरेतून काय सुटतंय! सासूबाई केस विंचरत होत्या, तर हात डोक्याकडे जाईना. डोकंच हाताकडे येत होतं.

"आई, मान का वाकडी करताय?"

"सवय आहे."

"परवापर्यंत नव्हती."

दोन दिवसांनी वरच्या फळीवरचा ट्रे काढताना उजव्या खांद्यात अशी कळ आली, की पावांसकट ट्रे खाली. बिंग फुटलं. सुनेने नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं आणि सासूला थेट हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई सुनेच्याच वयाच्या. त्यांनी हात वर, मागे, बाजूला नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "सोनोग्राफी करू."

"आता या वयात?" गोळाबाईने डोळे मोठे केले.

"खांद्याची हो, आई!" सून हसू दाबत म्हणाली.

पडद्यावर करड्या रेघा हलू लागल्या. डॉक्टरबाई बोट ठेवून सांगत होत्या. हाताच्या हाडाचं टोक म्हणजे एक गोळा. तो बसतो एका उथळ वाटीत, आणि ती वाटी इतकी लहान की गोळा घसरायचाच. चार स्नायूंच्या चार दोऱ्या त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. "त्यातली ही वरची दोरी अर्धवट फाटली आहे."

गोळाबाई आ वासून बघत राहिली. सतरा वर्षं ती गोळा फेकत होती आणि आपल्याच आत एक गोळा आहे, हे तिला आज कळत होतं.

"आता डावा बघू. ताडून पाहायला."

डाव्यावर यंत्र फिरलं आणि डॉक्टरबाईंनी ते पुन्हा त्याच जागी आणलं. "हा दुखतो?"

"छे! याच खांद्यावर मी पिठाची गोणी घेते."

"इथली दोरी आरपार फाटली आहे. कडा बघता खूप जुनं असावं."

मग गोळाबाईने हळूच डावा हात वर केला. पार कानाला लागला. कुठे कळ नाही, कुठे अडखळणं नाही.

"मग हा वर जातो कसा?"

"उरलेल्यांनी काम वाटून घेतलंय. साठीनंतर पुष्कळांच्या खांद्यात असं सापडतं, त्यांना पत्ताही नसतो. उजव्यालाही तेच शिकवू. तीन महिने व्यायाम. नाहीच जमलं, तर ऑपरेशनचा विचार."

घरी येईपर्यंत ती डाव्या हाताकडे बघत होती. न सांगता, न कुरकुरता, कोण जाणे किती वर्षं आत कुणीतरी कुणाचं तरी काम ओढत होतं!

व्यायाम शिकवणारा माणूस अंगाने पहिलवान आणि आवाजाने मऊ. त्याने हातात रबराची पट्टी दिली, तेव्हा तिला हसूच आलं. "तीन किलोचा गोळा फेकते मी."

"कोपराखाली टॉवेलची घडी धरा आणि पट्टी बाहेर ओढा. पंधरा वेळा."

दहाव्यालाच हात लटपटला. तिचं हसू मावळलं.

पाचव्या आठवड्यात जरा बरं वाटताच तिने मैदानावर गुपचूप तीन फेकी मारल्या, आणि तीन दिवस कप धरवेना. मान खाली घालून तिने कबुली दिली. तो रागावला नाही. "मला फेकून दाखवा. गोळा न घेता." तिने दाखवलं. "सगळा जोर हातातून काढताय. पाय काय नुसते उभं राहायला आहेत?"

आणि सदुसष्टाव्या वर्षी ती नव्याने गोळा फेकायला शिकली. आधी टाच, मग कंबर, मग पाठ. हात सगळ्यांच्या शेवटी. चौथ्या महिन्यात एका सकाळी वरच्या फळीवरचे ट्रे काढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की खांद्याची आठवणच झाली नव्हती.

मोसमातल्या स्पर्धेला ती गेली, ऑपरेशनविना. गोळा जुन्या अंतरापेक्षा हातभर कमीच पडला आणि नंबर आला चौथा. घरी सांगायला एवढंच.

पण तिच्या मनात राहिली ती फेकीआधीची दहा मिनिटं. मैदानाच्या कडेला तीसेक म्हाताऱ्या हात फिरवत होत्या. पांढरे केस, सुरकुतलेले दंड, कुणी भालावाली, कुणी थाळीवाली. तिने एकेकीचा खांदा निरखून पाहिला. या कातडीखाली काय काय फाटलं असेल, कुणी कुणाचा भार उचलला असेल, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल. तिला हात जोडावेसे वाटले. पण कुणाला जोडायचे ते कळेना.

"आई, तुम्हाला बोलावतायत!" सून ओरडली.

तिने गोळा उचलला, मानेशी टेकवला आणि टाच रोवली.