तिसऱ्या कडव्यातली बाई

तिचं लाडाचं नाव भोंगा. ते घरच्यांनी ठेवलं नव्हतं, बस स्थानकावरच्या लोकांनी ठेवलं होतं. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे तिची आई काचेच्या खोलीत बसून माइकवरून सांगायची. पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती आईच्या टेबलाखाली वाढली. एकदा माइक चालू असताना तिनं असा टाहो फोडला, की सुटलेली गाडी ड्रायव्हरनं करकचून थांबवली. आई ही गोष्ट आजही येईल त्याला ऐकवते, आणि भोंगा दर वेळी तोंड लपवते.

गाणं ती रीतसर कधी शिकली नाही. नवव्या वर्षी साबणाच्या जाहिरातीत दोन ओळी म्हटल्या, मग लग्नाच्या बँडमागे, मग शाळेच्या नाटकात, जिथे कुणी उभं करील तिथे. सतराव्या वर्षी एका संगीतप्रधान सिनेमात तिला मागून तिसऱ्या रांगेत नाचायला मिळालं. तिथे दिग्दर्शकानं तिला हेरलं, आणि तेही गमतीच्या कारणानं. बाकीच्या मुली चालू गाण्यावर नुसते ओठ हलवत होत्या. ही बया खरोखर गात होती, आणि मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. दिग्दर्शक म्हणाला, "ही खोटं करू शकत नाही, हिला पुढे घ्या." दोन वर्षांत ती नायिका झाली.

खरा घोळ इथून सुरू झाला. सिनेमाच्या धंद्यात गाणं आधी ध्वनिमुद्रित करतात आणि नाच त्यावर बसवतात. पण ज्या नामवंत गायिका तिच्यासाठी गाणार होत्या, त्या तेव्हा दौऱ्यावर होत्या. संगीतकार म्हणाला, "तोवर तूच कच्चं गाऊन ठेव. पुढे पुसून टाकू." भोंगानं सर्दी झालेल्या नाकानं, एका दमात, कच्चं गाऊन टाकलं. नऊ दिवस ती स्वतःच्याच आवाजावर नाचली. मग गायिका परतल्या, पडद्यावरचे भोंगाचे ओठ बघत त्यांनी तेच गाणं पुन्हा गायलं. जिथे ओठ जुळेनात, तिथे स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रक काकांनी भोंगाच्या कच्च्या गाण्याचा तुकडा राहू दिला. कुठे, किती, काही लिहिलं नाही. कानाला पटेल ते ठेवायचं, उरलेलं पुसायचं, अशी त्यांची आयुष्यभराची रीत.

सिनेमा धो धो चालला. त्यातही त्या गाण्याचं तिसरं कडवं लोकांनी डोक्यावर घेतलं. पोस्टरवर गायिकेचं नाव होतं, आणि रस्त्यात लोक भोंगाला म्हणायचे, "काय गोड गाता हो तुम्ही!" ती नुसतं हसायची. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या सिनेमाचा निर्माता घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "या वेळी मागून कुणी गाणार नाही. कॅमेऱ्यासमोर तूच गायचं, थेट. ते तिसरं कडवं तुझ्याच आवाजात आहे असं ऐकलं, म्हणून आलोय मी. शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

तो गेल्यावर भोंगा जमिनीवरच बसली. तिसरं कडवं तिचं असेल, तर कामही तिचं. गायिकेचं असेल, तर पहिल्याच दिवशी शंभर माणसांसमोर फजिती. आणि तिला स्वतःला ठाऊक नव्हतं! स्वतःचा आवाज ओळखू येत नाही, हे सांगायचं कुणाला?

आई म्हणाली, "त्यात काय एवढं? मी सांगते की. जन्म दिलाय मी त्या आवाजाला."

दोघी ध्वनिमुद्रक काकांकडे गेल्या. काकांनी गाणं लावलं. आई डोळे मिटून बसली आणि बोट वर करून म्हणाली, "ही तू." काकांनी पुन्हा लावलं. त्याच ओळीला आई म्हणाली, "ही गायिकाबाई." तिसऱ्यांदा लावल्यावर ती पदरानं चष्मा पुसत राहिली.

"काका, तुम्हाला तरी आठवतं का?" भोंगानं विचारलं.

"पोरी, तुकडे कुठे जोडलेत हे कळलं असतं तर मी मूर्ख ठरलो असतो ना," काका म्हणाले. त्यांना यात आपलं कौतुकच वाटत होतं. भोंगाला मात्र त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं.

गुरुवारी दुपारी ती एकटीच गायिकेच्या घरी गेली. बाईंच्या गुडघ्यावर शेकायची पिशवी होती. भोंगानं चाचरत सगळं सांगितलं आणि विचारलं, "तिसरं कडवं तुमचंच आहे ना?"

"म्हणून दाखव," बाई म्हणाल्या.

तिनं म्हटलं. कुठे श्वास तुटतो, कुठे शब्द किंचित ओढला जातो, सगळं सिनेमातल्यासारखं हुबेहूब. बाई ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

"हे तू सिनेमा बघून शिकलीस?"

"हो. चाळीस वेळा पाहिला."

"मी हे तीन दिवस बसून शिकले," बाई म्हणाल्या. "तुझं कच्चं गाणं कानाला लावून. ओठ जुळायचे होते ना! मी असा मधेच श्वास जन्मात तोडला नसता. मला गुरूंनी बडवलं असतं. सर्दी झाली होती का ग तुला?"

भोंगा होकारार्थी मान हलवत राहिली. तिला हसू येत होतं आणि रडूही. बाईंनी तिची नक्कल केली होती, ती बाईंच्या नकलेची नक्कल करत होती, आणि मुळात सगळ्यांना जे आवडलं ते एक चोंदलेलं नाक होतं.

"मग सर्दी नसताना मी कशी गाते?" तिनं विचारलं.

"ते मला कसं माहीत असणार?" बाई म्हणाल्या. "तू ऐकलंयस का कधी?"

नव्हतं ऐकलं. साबण, बँड, नाटक, सिनेमा, जिथे जसं हवं तसं तिनं गाऊन दिलं होतं. आपलं म्हणून काय उरतं हे बघायची वेळच आली नव्हती. तिला भीती वाटली.

बाईंच्याच फोनवरून तिनं निर्मात्याला फोन लावला.

"गाते मी," ती म्हणाली.

"वा! अगदी त्या तिसऱ्या कडव्यासारखं ना?"

"नाही हो," भोंगा म्हणाली. "कसं ते मलाही माहीत नाही. चालेल का?"

आणि उत्तर येईपर्यंत तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.