धर्माजीच्या हाताचा गुण

तळेघरच्या धर्माजीच्या हाताला गुण होता. मूळव्याधीची मुळी त्याच्याकडे बापापासून आलेली. रविवारी सकाळी, चहाच्याही आधी द्यायची आणि पैसा घ्यायचा नाही, असा घरचा नेम. पार आळेफाट्याहून ट्रकवाले यायचे, ओट्यावर अवघडून बसायचे. दुखण्याचं नाव कुणी घेत नसे, पण ते कुठलं हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं.

शहाण्णव साली त्याच्या बायकोला, लंकाबाईला, शौचावाटे रक्त जाऊ लागलं. धर्माजीने हसून मुळी उगाळली. घरातच औषध असल्यावर कशाला हवा दवाखाना! पुढच्या रविवारी त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गुण हाय वो. थांबलं समदं."

थांबलं काहीच नव्हतं. पण खुद्द धर्माजीच्या बायकोला गुण येईना म्हटल्यावर ओट्यावर कोण येणार? नवऱ्याचं नाव राखायला ती माउली वर्षभर खोटं बोलली. कधी पोट साफ होईना, कधी सारखं परसाकडे धावायचं. भाकरी नकोशी झाली, चोळ्या ढिल्या पडल्या. धर्माजीला वाटलं, कामाने उतरली असेल. दुसऱ्यांची दुखणी तोंडावरून ओळखणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घरात असा आंधळा!

नाचणीच्या लावणीत ती चक्कर येऊन पडली, तेव्हा मंचरला नेली, तिथून पुण्याला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, पार यकृतापर्यंत गेलेला. "रक्त दिसलं की दर वेळी मूळव्याधच असते असं नाही, बाबा," डॉक्टर म्हणाले. "लवकर आणलं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या."

जाण्याआधी ती पुटपुटली, "तुमच्या औषधाला बोल लावू नका. मीच बोलले न्हाई." धर्माजी पोरासारखा ढसाढसा रडला.

पुढेही रविवारी माणसं येत राहिली. रक्त जातंय म्हटलं की धर्माजी म्हणे, "आधी दवाखान्यात तपासून या. मग बघू." लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याच्या हाताचा गुण गेला. म्हणोत बापडे.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं. आईला ज्या वयात झाला, त्याच्या दहा वर्षं आधीच लेकीची दुर्बिणीने तपासणी करा. त्रास व्हायची वाट बघू नका. लेक नूतन कळंबला दिलेली. तिचं ते वय आलं, तसा धर्माजी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आबा, मला कायबी त्रास न्हाई," ती हसत म्हणाली.

"तुझी आय बी हेच म्हणायची," तो म्हणाला, आणि तिची पिशवी उचलून एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला.