मिरजेच्या सामन्याला एक बाई हवी होती

अजिंक्यताऱ्यावर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली एक प्रतिसाद आला होता. "आमच्या गावात किल्ला न्हाई. पोरींचं कबड्डी मंडळ हाय. पलूसला उतरा, पुढचं आमी बघतो." खाली नाव आणि नावापुढे 'सुभेदार, निवृत्त' एवढंच. अशा आमंत्रणांना मी एरवी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी होते. पण संक्रांतीचा आठवडा होता. आमच्या इमारतीत घरोघरी हळदीकुंकू सुरू झालं होतं आणि जिन्यात भेटणाऱ्या बायका मला बघून हातातल्या वाणाच्या पिशव्या जरा मागे घेत होत्या. माझं लग्न झालेलं नाही. मला बोलवावं की बोलवू नये, या पेचात दरवर्षी त्यांना पडावं लागतं. या वर्षी त्यांची त्यातून सुटका करावी, म्हणून मी पिशवी भरली.

स्वारगेटहून साताऱ्याची बस अर्ध्या तासाला एक मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा गाडी काढण्यात अर्थ नाही. थंडीचे दिवस, त्यामुळे खंबाटकीच्या घाटापलीकडे हवा एकदम कोरडी आणि स्वच्छ लागते. साताऱ्यात स्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये राहिले. खोली बरी होती. खाली आमटी-भात चांगला मिळाला. मालकाने "किती जण?" असं विचारलं, मी "एकच" म्हटलं, तर त्याने माझ्या मागे दाराकडे नजर टाकली. एकटीने फिरणाऱ्या मैत्रिणींनो, ही नजर सगळीकडे भेटते. रागवण्यात शक्ती घालवू नका.

सकाळी यवतेश्वरच्या रस्त्याला चालायला गेले तर चढावर पोरापोरींचा घोळका धावत होता. भरतीची तयारी. मागून मोटारसायकलवर एक माणूस गळ्यात शिट्टी घालून. थांबून विचारलं, क्लासची फी किती. तो म्हणाला, "फी कसली? आमाला बी कुणीतरी फुकटच पळवलंय." आणि गेला पुढे.

साताऱ्याहून कऱ्हाड, कऱ्हाडला गाडी बदलून तासगावची बस. उसाचे दिवस असल्यामुळे या रस्त्याला वेळ धरून निघा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर असतात आणि त्यांच्यामागे बस मुकाट चालते. पलूसला सुभेदार स्कूटर घेऊन उभे होते. साठीच्या पुढचे, ताठ, पांढऱ्या मिशा. पोरींचा सराव तेच घेतात. गावाचं नाव मी देणार नाही. मुली लहान आहेत आणि त्यांच्या आयांना ते आवडणार नाही.

माझी राहायची सोय सुभेदारांच्या घरी माडीवर केली होती. त्यांची बायको, सगळे तिला काकी म्हणतात, हिने जेवायला वांग्याची भाजी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी घास घेईपर्यंत समोरून हलली नाही. जेवताना मी विचारलं की हे मंडळ चालतं कसं. आमच्या सोसायटीत मुलांसाठी बॅडमिंटनचा गट काढला होता. तो दोन बैठकांत बंद पडला, म्हणून मला खरंच कुतूहल होतं.

सुभेदार म्हणाले, "पगार कुणालाच न्हाई. पहिली गोष्ट ती. एकाला द्या, दुसरा म्हणतो मला का न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मी थोडक्यात मांडते, कुणाला आपल्याकडे काही सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल. मंडळ नोंदणी केलेलं आहे. कार्यकारिणी दर वर्षी गावासमोर निवडतात आणि निम्मी माणसं बदलतात, म्हणजे कुणाची जहागीर होत नाही. मैदान शाळेचं. संध्याकाळी शाळा सुटली की मंडळाचं. त्याला पाणी मारणं, माती चाळणं हे पोरींच्या घरच्यांनी पाळीपाळीने करायचं, सरपंचाची पोरगी असली तरी. फौजेत असलेले गावचे जवान सुट्टीवर आले की आपणहून काही देतात. ऊस गेला की शेतकरी देतात. ज्याला पैसा जमत नाही तो अंडी, दूध, गूळ-शेंगदाणे देतो, ते थेट पोरींच्या पोटात जातं. मोठा खर्च मॅटचा आणि गाडीचा. त्यासाठी जत्रेत स्पर्धा भरवतात. बक्षिसं गावातलेच लोक लावतात. बदल्यात माईकवर नाव घ्यायचं, बास.

"आणि पुढारी?" मी विचारलं.

"दोन पार्ट्या हायत गावात. दोघंबी म्हणाले, जर्सी आमी देतो, पाठीवर आमचा फोटो टाका. पोरींनीच न्हाई म्हणून सांगितलं. मग जर्सी आमी तालुक्यातनं शिवून घेतल्या. पाठीवर गावाचं नाव. तेवढं दोनी पार्ट्यांचं हाय."

संध्याकाळी मैदानावर गेले. एका बाजूला आया उभ्या, एका बाजूला ट्रॅक्टरच्या बोनेटवर दोघे-तिघे बाप्ये. कर्णधार अंकिता, अकरावीतली, बुटकी आणि खांद्यात रुंद. चढाईला जाताना ती समोरच्यांकडे बघतच नव्हती, त्यांच्या पायांकडे बघत होती. इथल्या पोरी "मी आलो, मी गेलो" असं बोलतात. पहिल्यांदा कानाला लागतं, मग फार छान वाटतं.

सराव संपल्यावर ग्रामपंचायतीमागच्या शेडमध्ये बैठक बसली. दुसऱ्या दिवशी मिरजेला सामने होते आणि अडचण उभी राहिली होती. मुलींबरोबर नेहमी शीलाताई जातात. त्या अंगणवाडीत काम करतात. त्यांच्या सासूबाईंना अचानक मिरजेच्याच दवाखान्यात भरती केलं होतं आणि ऑपरेशन उद्याच होतं. बाई बरोबर नसेल तर पोरी पाठवायच्या नाहीत, हा मंडळाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. काकींच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही. इतर बायका ऊसतोडीला, नाहीतर घरात आजारपण, लहान पोर. एकेकीचं कारण खरंच होतं.

कुणीतरी म्हणालं, "ह्या बाई हायत की."

सगळे माझ्याकडे वळले. अंकिताचे वडील समोरच बसले होते. सावळे, कमी बोलणारे. त्यांनी सरळ विचारलं, "तुमचे मालक काय करत्यात?"

"मी एकटी असते."

"आणि पोरंबाळं?"

"नाहीत."

ते रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाले, "मग पोरींचं कळंल काय तुमाला?"

खरं सांगायचं तर तो प्रश्न रास्त होता. उत्तर दिलं अंकिताच्या आईने, दाराशी उभं राहून. "आवं, त्यास्नी मागं कोण न्हाई म्हणूनच त्या उद्या मोकळ्या हायत. आपण सारी गुतलोय. जाऊ द्या त्यास्नी."

हे ती माझ्या बाजूने बोलली होती. तरी माडीवर अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य मला बराच वेळ टोचत राहिलं.

सकाळी क्रूझर गाडीत आम्ही दाटीवाटीने बसलो. भिलवडीवरून सांगलीकडे. माधवनगरला गिरणीच्या जुन्या भिंती दिसल्या तेव्हा एक मुलगी म्हणाली, तिचे आजोबा तिथे कामाला होते. बाकीच्या गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. मिरजेत पोचल्यावर प्रत्येकीने कानातलं काढून माझ्या हातावर ठेवलं, साखळ्या, हातातले धागे. कोणाचं काय हे मला लक्षात राहीना. एकीला तिथेच पाळी आली, ती रडवेली होऊन माझ्या कानाशी आली. तिला बाथरूमपाशी घेऊन गेले, दाराबाहेर उभी राहिले. तेव्हा तो नियम कशासाठी आहे ते कळलं.

पहिला सामना आम्ही आरामात जिंकलो. 'आम्ही' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला मला कळलंही नाही. दुसऱ्यात समोर शहरातला तगडा संघ होता. उत्तरार्धात आम्ही एकदोन गुणांनीच मागे होतो, आणि अंकिता जवळजवळ प्रत्येक चढाईत काहीतरी घेऊन येत होती. मग एकदा तिघींनी मिळून तिची पकड केली आणि ती उजव्या खांद्यावर पडली. उठली, पण हात शरीराशी धरून. पंचांनी खेळ थांबवला.

मी धावत गेले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काय न्हाई मॅडम, खेळतो मी," ती म्हणाली. हात वर कर म्हटलं तर खांद्याच्या वर जाईना.

सुभेदारांना तिला खेळवायचं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तरी ते म्हणाले, "पोरगी घरच्यांनी तुमच्या हवाली केलीय. तुमी सांगा."

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मला काल रात्रीचा तिच्या बापाचा चेहरा आठवत होता. कबड्डी मला कालपर्यंत धड माहीत नव्हती, आणि ही मुलगी तर त्याहूनही कमी माहीत होती. मी म्हटलं, "नाही. बाहेर ये."

अंकिता माझ्याकडे बघतही नव्हती. ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिच्या जागी आलेली मुलगी दोनदा चढाईला गेली, दोन्ही वेळा पकडली गेली, आणि आम्ही हरलो.

मिरजेत दवाखाने शोधावे लागत नाहीत, गल्लीगल्लीत आहेत. शीलाताईंच्या सासूबाई होत्या तिथेच गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, मुका मार, आठवडाभर पट्टा आणि विश्रांती. अंकिताने ते ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग पट्टा बांधून घ्यायला तिने पाठ फिरवली.

वॉर्डबाहेर शीलाताई भेटल्या. माझ्याएवढ्याच वयाच्या, पदर खोचलेला, डोळे जागरणाने लाल. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं होतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मी आसतो तर खेळवली आसती."

माझं तोंड उतरलेलं दिसलं असणार. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "पाच वर्सं झाली मी तिच्याबरोबर जातोय. तिचं दुखणं कुठलं खरं, कुठलं वरवरचं, मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत न्हवतं. म्हाईत न्हवतं तर तुमी केलंसा ते बरोबरच."

परतीच्या गाडीत कुणी गायलं नाही. मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. सकाळी माझ्या शेजारी दाटीने बसलेली अंकिता आता मुद्दाम पुढे बसली होती. आत इतकी माणसं असूनही लॉजच्या खोलीत असल्यासारखं वाटत होतं.

दिवेलागणीला गावात शिरलो. अंकिताचे वडील रस्त्यावरच उभे होते. त्यांनी पट्टा पाहिला, तिला हाताची बोटं हलवायला सांगितली. मग माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं, हाड नीट आहे हेही, आणि ती खेळली असती तर कदाचित जिंकलो असतो हेही.

ते म्हणाले, "सामने हायतच पुढं. च्या घेऊन जावा." आणि त्यांच्या घरी मी चहा घेतला. अंकिता आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. निघताना तिच्या आईने मला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ आणि एक स्टीलची वाटी ठेवली. मी म्हटलं, "मला चालतं का?" ती म्हणाली, "न चालायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी पुण्याला आले. तुम्हाला जायचं असेल तर जत्रांच्या हंगामात जा, तेव्हा या भागात गावोगाव मैदानं भरलेली असतात. सांगलीत राहिलात तर सगळं जवळ पडतं, भडंग घेतल्याशिवाय निघू नका. कुणी गाडीचा खर्च देऊ केला तर मंडळं पावती देतात. पण पैशापेक्षा त्यांना जास्त कमी पडतं ते माणूस. दिवस मोकळा असलेलं, मैदानाच्या कडेला उभं राहणारं माणूस. माझ्याकडे असे दिवस पडून आहेत. पण ते मी त्यांच्याकडे घालवलेले नाहीत, आणि ज्यांनी घालवलेत त्यांना पोरीचा खांदा ओळखता येतो. हा फरक एका फेरीत भरून निघत नाही, हे मी घरी येऊन रिकाम्या गॅलरीत बसल्यावर नीट समजून घेतलं.

हे लिहायला घेतलं त्याच्या आदल्या संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, अंकिता बोलतोय. आई म्हणाली फोन कर. खांदा बरा हाय."

"बरं झालं."

तिच्या मागे मैदानावरचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"मी खेळलो असतो तर जिंकलो असतो आपण," ती म्हणाली.

"असं वाटतं खरं."

"परत तसं झालं तर काय करशीला?"

मी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "तुझी शीलाताई बरोबर असेल तर तिला विचारेन. नसेल तर पुन्हा बाहेर काढेन."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी तिचा नंबर नावासकट ठेवून घेतला. माझ्या फोनमधल्या त्या यादीत गॅसवाला आहे, दूधवाला आहे, दोन डॉक्टर आहेत, जुन्या ऑफिसातली माणसं आहेत. त्याआधी एखाद्या नव्या माणसाचं नाव तिथे कधी टाकलं होतं, ते मला बराच वेळ आठवलं नाही.