गालिच्यांचं माहेर

ज्या देशात बारा महिने घाम येतो, माणसं चपला दाराबाहेर काढून घरात अनवाणी फिरतात आणि फरशी गार लागते म्हणून दुपारी तिच्यावरच आडवी होतात, त्या सिंगापुरात गालिचे धुण्याचा धंदा काढणारा माणूस एक तर द्रष्टा असला पाहिजे, नाहीतर आमचा साडू. आमचे साडू द्रष्टे नाहीत. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, एवढ्याच पुण्याईवर ते माझ्या आयुष्यात आले आणि मग बिशानमध्ये आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे फ्लॅट घेऊन कायमचे राहिले. नातलग निवडून घेता येत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण साडू हा असा नातलग आहे, की दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कुणालातरी निवडलेलं असतं आणि त्याच्या शेजारी बसून श्रीखंड मात्र आपल्याला खावं लागतं.

पन्नाशीपर्यंत ते एका बँकेच्या आयटीत मॅनेजर होते. मीटिंगमध्ये बाकीचे पडद्याकडे बघायचे, हे खाली बघायचे. वार्षिक मूल्यमापनात साहेबाने 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता' असं विचारलं, तेव्हा यांनी खुर्चीखालचा कॉफीचा डाग दाखवून, "हा माझ्या आधीपासून इथे आहे, याला कधी विचारलंत?" असं उलट विचारलं म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की ही हकिकत त्यांनीच मला सांगितली, आणि सांगताना आपण काहीतरी फार खोल बोलून गेलो, असा त्यांचा चेहरा झाला होता. पुढे महिन्याभरात राजीनामा दिला आणि क्वीन्सटाउनजवळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये गाळा भाड्याने घेतला. मी बँकेत कर्ज देण्याघेण्याच्या खात्यात आहे. कुठला धंदा बुडणार, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. मी त्यांना तासभर समजावलं. ते मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या या सतरंजीचे दोरे सुटायला लागलेत हो." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते ओतण्याचं काम मी केलं.

त्यांच्याबरोबर कुणाकडे जाणं ही एक शिक्षा होती. यजमानांना नमस्कार नाही, घराचं कौतुक नाही, चहाला हो नाही की नाही नाही. आत शिरले की थेट गालिच्याकडे. चिमटीत कोपरा धरायचा, उलटा करायचा, मागच्या गाठी चष्मा वर करून बघायच्या आणि मग सगळ्यांदेखत वास घ्यायचा. एकदा मंडळातल्या एका गृहस्थांकडे सत्यनारायण होता. आरती संपून माणसं देवासमोर वाकली, तसे हेही वाकले. मला बरं वाटलं. पण ते वाकले होते दुसऱ्याच कामाला. उठून यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडे मांजर आहे. आणि ते तुमच्यावर खूश नाही." त्या घरचं आमंत्रण आम्हाला परत आलेलं नाही. प्रसाद मात्र फार चांगला होता, म्हणून मला जास्त राग आहे.

धंद्याचं त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते काय असावं? तर गालिचा म्हणजे सासरी नांदणारी लेक. सगळे तिला तुडवतात, तिच्यावर सांडतात, कपाट सरकवून तिच्या अंगावर ठेवतात आणि ती बोलत नाही. गाळ्यावर येते ती माहेरी येते. तेव्हा तिथे तिला उलटी टांगून हलक्या हाताने धूळ काढायची, पांढरं ओलं फडकं फिरवून रंग जातो का बघायचं, आंघोळ घालायची, पाणी निथळवायचं आणि पंख्याखाली नीट वाळू द्यायचं. या हवेत लोणच्याच्या फोडी वाळत नाहीत, तिथे जाड लोकरीचा गालिचा काय वाळणार? पण घाई केली तर कुबट वास राहतो, म्हणून हे गिऱ्हाइकाला तारीखच द्यायचे नाहीत. नोव्हेना भागातल्या एक डॉक्टरीणबाई रोज फोन करायच्या. त्यांच्या दवाखान्यातला गालिचा होता आणि पेशंटच्या खुर्च्या उघड्या फरशीवर होत्या. हे फोनवर मायेने सांगायचे, "शी इज रेस्टिंग, डॉक्टर. अजून चार दिवस राहू द्या तिला." बाई तमिळ होत्या. त्यांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्या दमून फोन ठेवायच्या. एक कबूल केलं पाहिजे, गालिचा यायचा तेव्हा नवा वाटायचा. तो यायचा तेव्हा.

पण खरं पाणी मुरत होतं ते पुढे. माहेरून लेक रिकाम्या ओटीने जात नाही. त्यामुळे गाळ्यावरून एकही गालिचा रिकामा जायचा नाही. गुंडाळताना मधोमध एक पुरचुंडी ठेवायची, तिच्यात खोबऱ्याची वाटी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ. आता माणसाने निदान विचार करावा. डाग काढणारा माणूस ज्या एका गोष्टीला घाबरतो ती हळद, आणि हे गृहस्थ ती स्वतःच्या हाताने धुतलेल्या गालिच्याच्या पोटात ठेवून पाठवायचे. एकदा पुरचुंडी व्हॅनमध्ये फुटली आणि दमट हवेत साईच्या रंगाच्या गालिच्यावर मधोमध पिवळा सूर्य उगवला. यांनी तो फुकट पुन्हा धुतला आणि पुन्हा हळकुंड घालून पाठवला. एका कोंडोत, म्हणजे उंची सोसायटीत, एका जर्मन बाईंनी गालिचा उलगडला, तर त्यांच्या घरकामाच्या हेल्परने ती पुरचुंडी बघून ही करणी आहे असं ठरवलं आणि ती त्या खोलीत पाऊल टाकेना. बाकीच्यांकडे नुसत्या मुंग्या यायच्या. कुणीतरी इंटरनेटवर अभिप्राय लिहिला होता, "क्लीनिंग व्हेरी गुड. बट व्हाय गॉट कोकोनट इनसाइड?" मी तो त्यांना दाखवला. ते खूश झाले. म्हणाले, "बघा, मिळालं त्यांना."

आमच्या घरी मात्र या प्रकाराचं भलतंच कौतुक होतं. आमचा गालिचा दिवाळीआधी त्यांच्याकडे जायचा. परत आला की ही कंबर कसून तो उलगडायला बसायची, पुरचुंडी निघाली की "भाऊजींनी पाठवली" म्हणून डोळ्यांना लावायची आणि खोबरं रात्रीच्या आमटीत घालायची. मी ती आमटी खायचो, पण मतं बदलली नाहीत.

इकडे ताईचा, म्हणजे हिच्या बहिणीचा, जीव टांगणीला लागला होता. यांची बँकेतली शिल्लक त्या गाळ्याच्या भाड्यात विरघळत चालली होती, मुलगी इथल्याच शाळेत शेवटच्या वर्षाला होती आणि ताईच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं. शेवटी तिने एके दिवशी आमच्यादेखत सांगितलं, "मुलीची परीक्षा होईपर्यंत एक मोठं, कायमचं गिऱ्हाईक आणा. नाही आलं तर फ्लॅट विकायचा आणि पुण्याला जायचं. तिकडे मी काहीही करीन, पण रोज उठून ही धाकधूक नको." यावर मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, प्लीज लाह, जस्ट बी नॉर्मल फॉर वन कस्टमर." हे खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, माणूस हलला. मग दिसलं, की ते आमच्या गालिच्याची झालर सारखी करत होते.

ते गिऱ्हाईक आलं हा ताईच्या उपासतापासांचा परिणाम. एका कंपनीच्या सर्व्हिस्ड अपार्टमेंट होत्या, प्रत्येक अपार्टमेंटमध्ये गालिचा. त्यांना वर्षभराचं काम द्यायचं होतं, पण आधी लॉबीतला एक गालिचा नमुना म्हणून धुऊन हवा होता. ताई मला म्हणाली, "तुम्ही बरोबर जा. त्यांना बोलू देऊ नका." मी टाय लावून गेलो. तिथल्या मॅनेजरबाई चिनी, चटपटीत, हातात टॅब. त्यांनी विचारलं, "टर्नअराउंड टाइम?" साडू लॉबीत गुडघ्यांवर बसून गालिच्याचा वास घेत होते, तिथूनच म्हणाले, "डिपेंड्स. शेवटची माहेरी कधी गेली होती ही?" मी मध्ये पडून सांगितलं, "फाइव्ह वर्किंग डेज." बाईंनी ते लिहून घेतलं. गुडघ्यांवरून माझ्याकडे जे बघणं झालं ते मला अजून दिसतं.

गालिचा पाठवायच्या दिवशी मी रजा काढून गाळ्यावर जाऊन उभा राहिलो. त्यांच्या शर्टाच्या खिशाला फुगवटा होता. मी हात पुढे केला.

"एक हळकुंड तरी?" ते म्हणाले.

"नाही."

"बरं, तांदळाचे दोन दाणे. कुणाला दिसणारही नाहीत."

"एकही नाही. घर जाईल तुमचं."

त्यांनी पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. मग गालिचा गुंडाळायला घेतला. मध्यावर आल्यावर थांबले आणि म्हणाले, "रिकामी पाठवू?" मी पुरचुंडी माझ्या खिशात टाकली. त्यांनी गुंडाळला, दोरी बांधली आणि नळावर जाऊन बराच वेळ हात धूत बसले. माझ्या त्या दिवशीच्या वागण्यात काही चूक होती, असं मला आजही वाटत नाही.

कंत्राट मिळालं, आणि एकाला लागून दुसरं. धंदा असा वाढला, की मी बँकेत त्याचं उदाहरण द्यायला लागलो. मोठा गाळा आला, पट्ट्यावरून गालिचा एकीकडून घालून दुसरीकडून काढायचं यंत्र आलं, हवेतलं पाणी ओढून घेणाऱ्या मशिनी आल्या, एकाच रंगाच्या टी-शर्टातले कामगार आले. आता पाच दिवस म्हणजे पाच दिवस. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, फ्लॅट राहिला, ताईच्या चेहऱ्यावर मांस आलं. साडू आता काचेच्या केबिनमध्ये दोन स्क्रीन समोर ठेवून बसतात, म्हणजे बँकेतून निघाले होते तिथेच परत पोचले. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला आमच्याकडे आले. यजमानांना नमस्कार केला. "घर छान ठेवलंय" म्हणाले, चहा घेतला आणि सोफ्यावर बसून फोन बघत राहिले. गालिचा त्यांच्या पायाखाली होता. त्याचा कोपरा त्यांनी उचलला नाही. एवढी वर्षं ज्या सवयीला मी नाकं मुरडली ती गेली, तर मला आनंद व्हायला हवा होता. मी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे अशी सरकवली, की थोडा चिवडा गालिच्यावर सांडावा. सांडला. ते म्हणाले, "असू द्या, व्हॅक्यूमने जाईल."

त्यानंतर आमचा गालिचा धुवायला गेला तो अ‍ॅपवरून. सांगितल्या दिवशी दोन कामगार आले, प्लास्टिकमध्ये बांधलेली गुंडाळी ठेवली, टॅबवर माझी सही घेतली आणि गेले. मी तो उलगडला. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आहे का काही?"

"असायला काय हवंय?" मी म्हटलं. शेवटपर्यंत उलगडला, मग उलटा करून पाहिला. गालिचा स्वच्छ होता, कोरडा होता, औषधी फुलांचा कसलातरी वास येत होता. ही आत गेली आणि त्या रात्री आमटी नुसतीच झाली. मला त्या माणसाची आठवण येते असं मी कधी म्हणणार नव्हतो, कारण तो दोन ब्लॉक पलीकडे राहतो आणि रविवारी बाजारात दिसतो. पण आली. फार आली.

यंदा गालिचा द्यायची वेळ आली तेव्हा ही बाहेर गेली होती. मी फडताळातले डबे धुंडाळले. खोबऱ्याची अर्धी वाटी मिळाली, एक हळकुंड मिळालं, तांदूळ तर घरात असतातच. हातरुमालात बांधून मी ती पुरचुंडी मधोमध ठेवली आणि गालिचा गुंडाळला. मला बांधता येत नाही, त्यामुळे एका टोकाला फुगला होता. कामगारांनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. त्यांच्या कंपनीतली कुणी मुलगी होती, फार अदबशीर. "सर, युअर कार्पेट इनसाइड गॉट फॉरेन ऑब्जेक्ट. कोकोनट, आय थिंक. वुई डिस्पोज, कॅन?" मी म्हटलं, टाकू नका, तुमच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवा. ती म्हणाली, "बॉस व्हेरी बिझी, सर." मी म्हटलं, तरी ठेवा. सबंध दिवस मला स्वतःचीच लाज वाटत राहिली. मी एक जबाबदार अधिकारी आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत.

संध्याकाळी घरी पोचून बूट काढत होतो तोच फोन वाजला. पलीकडे यंत्राचा आवाज होता, मग दार लावल्यासारखा झाला आणि आवाज थांबला.

"साडूभाऊ, खोबरं खवट आहे हो तुमच्याकडचं. सासरहून येताना तिला असलं बांधून देतात?"

मी म्हटलं, जे होतं ते दिलं.

मग म्हणाले, "कोपरा झिजलाय बिचारीचा. मशीनमध्ये नाही घालत. मीच बघतो. अजून चार दिवस राहू द्या तिला."

मी म्हटलं, राहू द्या.