बादली नको, मास्तर द्या

भूकंपाच्या वर्षी मी, निजामोद्दीन, लातूर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होतो. मदतीच्या याद्या माझ्याकडे असत. एका सकाळी नागुबाई आली. भूकंपात नवरा गेलेला, पत्र्याच्या शेडात सात वर्षांच्या लुंबिनीला घेऊन राहत होती. "जयभीम," म्हणत तिनं दोन कोऱ्या बादल्या माझ्या टेबलावर मांडल्या.

"निजामभाऊ, ह्या वापस घ्या."

"गळतात का?"

"न्हाई, लई चांगल्या हायेत. पर चार संस्थांनी चार दिल्या, आन् पाणी एकाच टँकरचं. तिकडं मास्तरची बदली झाली. मास्तर गेला, बादली आली! ह्या ठिवा, मास्तर द्या."

मी समजावलं, बादली वाटायचा कागद आहे, परत घ्यायचा नाही. आमच्या यादीत ब्लँकेटं, पत्रे, धान्य आहे; मास्तर नाही.

"मग लिहा की. पेन तुमच्याच हातात हाय."

पुढच्या सोमवारी ती बावीस बायका घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात बादली. तहसीलदार साहेबांना वाटलं, पाण्यासाठी मोर्चा आलाय. त्यांनी घाईघाईनं जादा टँकर मंजूर करून टाकला.

"टँकर राहू द्या," नागुबाई म्हणाली. मग जरा थांबून, "न्हाई, टँकर बी पाठवा. पर मास्तर आधी."

साहेबांना हसू फुटलं, आणि एकदा हसलेल्या साहेबाला नाही म्हणणं जड जातं. पंधरा दिवसांत माणिकप्पा नावाचे मास्तर शेडातल्या शाळेत रुजू झाले.

मास्तर आले, पण पोरं येईनात. ती धान्याच्या रांगेत जागा धरून उभी. नागुबाई तणतणत तिथं गेली, तर शेजारची धुरपताबाई कडाडली, "भिंतीखाली पाय मोडला माझा. पोरगी रांगेत न्हाई उभारली तर सांजच्याला खाईल काय? तुझी अक्षरं?"

नागुबाई आली तशी माघारी फिरली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्यासमोर. "चुकलं माझं. धान्य बी पाहिजेच. पर ते शाळेतच वाटा ना, शाळा सुटल्यावर."

ह्याला कसलाच खर्च नव्हता, म्हणूनच बहुधा लगेच मंजूर झालं. वर्ग भरला. बायकाही लवकर येऊन पत्र्याला टेकून बाराखडी म्हणू लागल्या. धुरपताबाई सही शिकली आणि दिसेल त्या कागदावर करत सुटली. माझ्या रजेच्या अर्जावरसुद्धा.

लुंबिनी दहावी झाली तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. नागुबाईनं तिथं खोली केली, क्लासच्या पोरींना डबे पुरवले, लेकीला शिकवलं. लुंबिनीनं परीक्षा दिली आणि लागली कुठं, तर पुरवठा खात्यात निरीक्षक! मी पेढे खायला गेलो तेव्हा आई फुगून बसली होती.

"मला मास्तरीण पाहिजे होती, निजामभाऊ. ही रेशनची दुकानं तपासत हिंडतीय."

"आई, उद्या निलंग्याकडं जायचंय," लुंबिनी आतून म्हणाली. "धान्य कमी देतात म्हणून एका बाईनं तक्रार केलीय. दोन पानं, स्वतःच्या हातानं लिहिलेली."

नागुबाईनं पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं सरकवला.

"मग पहिलीच एसटी धर," ती लेकीला म्हणाली. "उशीर नको करू."